कास्तेलरोवोची भिंत, मेहकरची वेस

असुंतामाय. हे नाव आधी लिहितो आणि मग बाकीचं. माझ्या पायांची बोटं आज जागच्या जागी आहेत ती तिच्यामुळं, आणि गावाकडं कसं पाहावं हे मला थोडंफार कळतं तेही तिच्यामुळंच. ती आमच्या जातीगोतातली नाही, आमच्या मुलखातलीही नाही. इटलीत डोंगरावर कास्तेलरोवो म्हणून एक लहानसं जुनं गाव आहे, तिथली ती विधवा म्हातारी. मी डोणगावचा माळी, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. पलटणीच्या कागदावर पुढं 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असंही लिहिलेलं असतं. शाळा चौथीत सुटली, मोटेवर बसायला घरी दुसरं कोणी नव्हतं म्हणून. तेव्हा लिहिण्यात कुठं वाकडंतिकडं झालं तर ते माझं, आणि काही बरं उतरलं तर तिचं समजावं.

हे सगळं आत्ता वर यायला कारण झाली अंजिरांची पाटी. पुण्याजवळच्या छावणीत आम्ही सुटकेची वाट पाहत पडलो आहोत. लढाई संपली, बोटीतून उतरलो, पण घरी जायचा हुकूम येत नाही. रोज नावं पुकारतात, त्यात माझं नसतं. पाऊस सरला, सकाळी अंगाला गार लागतं, आणि काल बाजारात एक बाई ताजी अंजिरं घेऊन बसलेली दिसली. आमच्याकडं अंजीर म्हणजे वाण्याच्या दुकानात दोरीत ओवून टांगलेलं, वाळकं, आजाऱ्यासाठी आणायचं. झाडावरचं मी कास्तेलरोवोतच पहिल्यांदा पाहिलं. पाटीतलं एक उचललं तर देठाचा पांढरा चीक बोटाला चिकटला आणि मी तिथंच खिळलो. बाई म्हणाली, "घेता का नुसतेच हुंगता?" मी काहीतरी बोललो, तर माझी वऱ्हाडी ऐकून शेजारचा भाजीवाला हसला. इथं सगळेच हसतात. इटलीत माझ्या बोलीला कोणी हसलं नव्हतं. तिथं ती कोणाला कळतच नव्हती, हेही एक सुखच होतं.

कास्तेलरोवो खालून पाहिलं की बसलेल्या बैलाच्या वशिंडासारखं दिसतं. पायथ्याशी रुंद, उथळ नदी. तिच्यावरचा पूल जर्मनांनी पळता पळता उडवलेला. आमची कंपनी पूल आणि रस्ते दुरुस्त करणारी, म्हणून लढाई पुढं सरकली तरी आम्ही तिथं मागं राहिलो, द्राक्षं खुडून झाल्यापासून ते ऑलिव्हचं तेल निघेपर्यंत. ऑलिव्ह म्हणजे लहान जांभळाएवढं फळ, पण तोंडात टाकलं तर कडूजहर. तेल मात्र असं हिरवं, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यात कोणी पालाच वाटून घातलाय असं वाटलं.

डोंगराच्या कण्यावरून एकच लांब रस्ता जातो. दोन्ही बाजूंना दगडी घरं, एकमेकांना खांदे लावून उभी. मधे चौक आणि चौकाखाली पाण्याचं टाकं, कारण कातळात विहिरीला पाणी लागत नाही. साऱ्या छपरांचं पाणी पन्हळींनी त्या टाक्यात उतरवलेलं. उत्तरेच्या अंगाला खिडक्या हातभर, वारा तिकडून येतो म्हणून. दक्षिणेच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांवर ऑलिव्हची झाडं. या सगळ्याभोवती भिंत. भिंतीला तीन वेशी: एक समुद्राकडं, जिथून पूर्वी मीठ यायचं, एक खालच्या मोठ्या शहराकडं, आणि तिसरी समोरच्या डोंगरावरच्या गावाकडं तोंड केलेली, पण दगडांनी बुजवलेली. त्या गावाशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. वेस बुजवून टाकण्याइतकं.

डोणगावपेक्षा लहान गाव. बाजार भरला तर आमच्या बाजाराच्या निम्मासुद्धा नाही. पण तिथल्या कोणालाही विचारा, न्हाव्याला, पाव भाजणाऱ्याला, पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या बायांना, की हा दगड काळा का, हा मनोरा बुटका का, तर काल घडलेलं भांडण सांगावं तसं सांगत. मीठवाले खिंडीतून यायचे, त्यांच्याकडून जकात घ्यायची, त्यावर गाव उभं राहिलं. मग लोकर रंगवणारे आले आणि गटारातून निळं पाणी वाहू लागलं. समोरच्या गावचे लोक शिड्या लावून चढले आणि घंटा चोरून घेऊन गेले. यांनी ती परत आणली, आणता आणता पडली, म्हणून तिला चीर आहे आणि म्हणून तिचा आवाज असा फुटका. मग खालच्या शहरानं गाव जिंकलं आणि सगळ्या मनोऱ्यांची डोकी उतरवायला लावली. "आमची मुंडकी छाटली," असं पाव भाजणारा मला मानेवर हात फिरवून सांगायचा, जणू त्याच्या बापाचीच छाटली होती.

ऐकता ऐकता माझ्या पोटात दुखायला लागायचं. रागानं नाही, हेव्यानं. इतकंसं गाव आणि त्याला स्वतःबद्दल एवढं माहीत. मेहकरच्या वेशीखाली मी लहानपणापासून दर बाजाराला मायसोबत वांगी आणि मेथी घेऊन बसलो. तिथली सावली थंड, एवढंच मला त्या वेशीबद्दल माहीत. ती कोणी बांधली, कोणाच्या भीतीनं बांधली, हे कधी कानावर आलं नाही. मला आपलं वाटायचं, आपल्या गावाचा इतिहास पाचवीत असेल, आणि माझी शाळा चौथीतच सुटली.

एकदा हे मी रहीमला बोललो. शेख रहीम माझ्याच कंपनीत. मेहकरच्या मोमीनपुऱ्यातला, विणकराच्या घरचा, सातवी पास. अंगानं उंच, हाताला गवंड्यासारखी सफाई, आणि त्या लोकांची भाषा त्यानं असल्या झटक्यात उचलली की बाया त्याच्याशी दारात उभ्या राहून तासन्‌तास बोलत. मी बाजूला उभा राहून 'सी, सी' करायचो, म्हणजे हो, हो. रहीम म्हणाला, "सातवीपत्तर बी नव्हता बे. इंग्लंडच्या नद्या होत्या." आणि मग सहज, काडीनं दात कोरत म्हणाला, "आपल्या वेशीचं मात्र मले मालूम हाय. तू जिच्याखाली वांगे विकाले बसे ना, ती आमच्या लोकायनं बांधली. विणकरायनं. राजानं नाई, नवाबानं नाई."

"तुले कोणं सांगतलं?"

"दादानं, बापाच्या बापानं. वर दगडावर लिहिलेलं बी हाय."

"मग मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

"तुनं कवा इचारलं बे? तू आपला वांग्याचा भाव सांगत बसला."

त्यानंतर पुष्कळ दिवस मी रहीमशी कामापुरतंच बोललो. आधी नुसता त्या गावाचा हेवा होता, आता शेजारी झोपणाऱ्याचाही सुरू झाला. ज्या सावलीत मी बसलो ती सावली त्याच्या वाडवडिलांची निघाली.

असुंतामायशी गाठ पडली ती दगडांवरूनच. पुलाच्या तोंडाशी भराव घालायला आम्हाला दगड हवे होते. तोफेच्या गोळ्यानं भिंतीचा दक्षिणेकडचा एक भाग ढासळलेला आणि त्याचे दगड पायथ्याशी नीट रचून ठेवलेले होते. आमच्याकडं पडक्या तटाचा दगड म्हणजे ज्याच्या हाताला लागेल त्याचा. कोणाच्या विहिरीला लागतो, कोणाच्या ओट्याला. मी आणि रहीमनं निर्धास्त लॉरी भरायला घेतली. तर काळ्या कपड्यातली एक म्हातारी उतारावरून हळूहळू आली, लॉरीच्या फळीला धरून वर चढली आणि दगडांवर बसली. ओरडली नाही, रडली नाही. ओच्यातून विणकाम काढून विणायला लागली. हवालदार आला, बोलला, थकला. शेवटी आम्ही एकेक दगड उतरवला, तर कुठला दगड कुठं ठेवायचा हे ती सुईनं दाखवत होती.

मग रहीमनं तिच्याकडून काढून घेतलं ते असं. फार पूर्वी गावात मरी आली. अर्धं गाव मेलं. अजूनही भिंतीच्या आत मोकळ्या जागा आहेत, जिथं कोबी लावतात आणि कोबीमागच्या पडक्या भिंतीत चूल दिसते. उरलेल्यांना एवढा तट राखणं झेपेना, म्हणून त्यांनी तो घरवार वाटून घेतला. प्रत्येक घराकडं भिंतीचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याखालची ऑलिव्हची पट्टी. तुकडा ज्याचा, पट्टीही त्याची. ऑलिव्हची घाणी सुरू व्हायच्या आधी तिघं जुने लोक बाहेरून सगळ्या भिंतीची फेरी मारतात. जिथं दगड निसटलेला किंवा सांध्यात झुडूप वाढलेलं दिसेल, तो तुकडा त्या घराकडून जातो आणि शेजारच्या घराला मिळतो. फेरी पुरी झाल्याशिवाय घाणी फिरत नाही. असं ते अजूनही चालवतात.

असुंतामायच्या शेजारचा तुकडा बेप्पे नावाच्या म्हाताऱ्याचा. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याची निम्मी झाडं तोफांनी जळाली होती, घरात दोन सुना होत्या आणि मुलगे अजून परतले नव्हते. त्यालाही ती पट्टी लागत होती. आणि असुंतामायच्या घरात तर कोणीच नव्हतं. एकुलता मुलगा नेल्लो आफ्रिकेत पकडला गेलेला. ते ढासळलेले दगड फेरीच्या दिवसापर्यंत भिंतीत परत चढले नाहीत, तर नेल्लो येईल तेव्हा त्याला घर असेल, झाड नसेल.

रहीमनं विचारलं, पकडून ठेवलाय कुठं? ती म्हणाली, हिंदुस्थानात, भोपाळमध्ये.

भोपाळ म्हणजे आमच्या वऱ्हाडाच्या वरच्याच अंगाला.

त्या दिवसापासून मी नेल्लोचा हेवा करू लागलो. न पाहिलेल्या माणसाचा, तोही कैद्याचा. मी इथं चिखलात बोटं फोडून घेतो आहे आणि तो तिथं माझ्या उन्हात बसलाय. तुरीला फुलं आली असतील, ज्वारी निसवली असेल, सीताफळांचे डोळे उघडले असतील, आणि तारेच्या आतून का होईना हे तो पाहतो आहे. रात्री बाहेर झोपला तर आभाळ माझं. मला त्याच्या गावचा पाऊस, बर्फाचं पाणी, ओल्या लोकरीचा वास. कोणी अदलाबदल केली असती तर मी एका पायावर गेलो असतो.

पाय म्हणालो तर तेही सांगतो. थंडीनं माझ्या पायांची बोटं निळी पडली आणि मग फुटली. कंपनीत कोणाला सांगितलं नाही, मागं पाठवतील म्हणून. चालताना असुंतामायनं पाहिलं. दगड उतरवायला लावणारी तीच म्हातारी, तिनं मला चुलीसमोर बसवलं, बूट ओढून काढले, कोमट तेल घेतलं आणि एकेक बोट चोळलं. हात खरखरीत, मायसारखे, भाजी खुडून खुडून होतात तसे. तोंडानं ती सारखी बोलत होती, मला एक शब्द कळत नव्हता, आणि मला एवढं हायसं वाटलं की मी खाली मान घालून बसलो. त्यानंतर रोज. बोटं वाचली. मी तिला माय म्हणू लागलो. तिलाही तो शब्द कळला असावा, कारण तिनं 'म्हणजे काय' असं कधी विचारलं नाही.

पण नेल्लोचा जाड कोट तिनं दिला रहीमला. नेल्लो उंच, रहीम उंच, मी बुटका. यात तिचा दोष काय? तरी तो कोट घालून रहीम समोरून आला की माझा घास कडू व्हायचा. तेल माझ्या पायाला लागलं होतं, कोट त्याच्या अंगाला, आणि मला दोन्ही हवं होतं.

काम सुटलं की उजेड असेपर्यंत आम्ही तिची भिंत चढवू लागलो. रहीम दगड बसवायचा, मी चुना कालवायचा, फटींत दगडाच्या चिपा भरायच्या आणि जुन्या भागातली झुडपं उपटायची. झुडपं उपटणं माळ्याचं काम. काटेरी वेली, गवत, केपर नावाची एक लोंबती वनस्पती, सगळं मी मुळासकट काढलं. वरच्या अंगाला एका फटीत मनगटाएवढ्या बुंध्याचं एक झाड होतं. पानं पंजासारखी, खरबरीत. फांदी ओढली तर पांढरा चीक गळला. एक उशिराचं फळ होतं, फोडलं, तर आत उंबराच्या फळासारखंच सगळं. माझा हात आपोआप मागं आला.

रहीम खालून म्हणाला, "ते काऊन ठेवलं बे?"

"उंबर हाय ते."

"अंजीर हाय लेका. सुक्कं खाल्लं नाई का कधी?"

"चीक पाह्य त्याचा. फोडून पाह्य. आतून उंबरच हाय."

"तुह्या देवानं इथं बी घर केलं का?" असं म्हणून रहीम हसला, पण मग म्हणाला, "राहू दे. तुह्यासाठी राहू दे." आणि त्या बुंध्याभोवती जागा सोडून त्यानं थर पुढं नेला. आमच्याकडं असंच तर करतात. मेहकरच्या वेशीत पिंपळ आलाय, वेस दुभंगत चालली आहे, पण पिंपळाला कोण हात लावणार? बाया त्याला पाणी घालतात. माझ्या मायनंही घातलंय.

एके संध्याकाळी पाय चोळता चोळता असुंतामायनं विचारलं, भोपाळला आत्ता काय असेल? रहीम नव्हता, म्हणून मलाच सांगावं लागलं. जवळचे होते नव्हते ते शब्द गोळा करून मी सांगितलं: ऊन, निळं आभाळ, शेतात माणसापेक्षा उंच ज्वारी, सकाळी थोडी थंडी, दुपारी नाही. बर्फ कधीच नाही. ती हात थांबवून ऐकत होती. मी म्हणालो, तुझ्या गावासारखं गाव मला असतं तर फार बरं झालं असतं. एवढं वाक्य मी आधीच जुळवून ठेवलेलं होतं. ती म्हणाली, आणि हे मला दुसऱ्या कोणी समजावून सांगावं लागलं नाही:

"मला तुझ्या देशाचा हेवा वाटतो. माझा मुलगा त्याच्याकडे आहे."

मग तिनं दुसरा पाय ओढून घेतला.

मला वाटत आलं होतं की हेवा करायचा हक्क गरिबाचाच, माझाच. तोपर्यंत माझ्या मुलखाचा कोणी हेवा करील हे डोक्यातच आलं नव्हतं.

फेरीच्या दिवशी गाव घाणीपाशी टोपल्या घेऊन बसलं होतं. टोपल्यांतून ऑलिव्हचा कडवट, ओला वास येत होता. तिघं जुने लोक काठ्या टेकत भिंतीच्या बाहेरून चालले होते, मागं ज्याचा त्याचा तुकडा राखणारे. असुंतामायच्या तुकड्याशी आले, काठीनं दगड ठोकून पाहिले. एकानं रहीमकडं पाहून मान हलवली, म्हणजे काम बरं आहे. मी मनात म्हटलं, चुना कोणी कालवला तेही विचारा. एवढ्यात बेप्पेनं काठी वर केली आणि त्या अंजिरावर नेली.

"हे काय?"

सगळे वर पाहू लागले. अंजिराचं मूळ म्हणजे भिंतीचा काळ. इतर झुडूप दगडाच्या वरून वाढतं, हे आत शिरतं आणि चिरा फोडतं. तिथलं लहान पोर सुद्धा ते दिसताच उपटतं. बेप्पे म्हणाला, बाकी सगळं साफ केलं आणि हेच ठेवलं, म्हणजे हे काही विसरणं नव्हे. तुकडा नापास. त्याचा आवाज चढला नाही. उलट, मला वाटलं, त्याला थोडी लाज वाटत होती.

असुंतामायनं रहीमकडं पाहिलं नाही. सरळ माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो आणि म्हणालो, मी ठेवलं. का, असं त्यांनी विचारलं. "आमच्याकडं याला हात लावत नाहीत," एवढंच जमलं. बाकीचं रहीमनं सांगितलं, त्याच्या त्या वाहत्या भाषेत: हे झाड याच्या देवाचं बसायचं ठिकाण आहे, हा ते मारू शकत नाही. सांगताना तो हसला नाही. त्याच्या धर्मात असलं काही नाही, तरी माझ्या उंबरासाठी तो तिथं वकील होऊन उभा राहिला, आणि त्या घटकेला मला त्याचा कोट दिसेनासा झाला.

खाली घाणीपाशी लोक ताटकळलेले. बेप्पे म्हणाला, देव त्याचा असेल, भिंत तर आपली आहे.

असुंतामायला बहुतेक सगळं कळलं असावं. नेल्लोची झाडं जातात का राहतात ते माझ्या एका उंबरावर आलं होतं. ती चिडली असती तरी चाललं असतं. ती मला म्हणाली, "बाहेर काढ. मारू नकोस."

तिघांपैकी थोरला म्हणाला, अंधार पडायच्या आत भिंत बंद झाली पाहिजे.

मी हात जोडले. आमच्याकडं झाड तोडायच्या आधी त्याची माफी मागतात तशी मागितली. मग आम्हीच चढवलेले थर मी उघडले. मूळ चिऱ्यामागून वळून आत गेलं होतं. हाताच्या बोटांनी माती उकरत त्याच्या मागं मागं गेलो, एक तंतू तुटू नये म्हणून. रहीम दगड काढून खाली क्रमानं मांडत होता. बेप्पे बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून पाहत राहिला. मग पुटपुटला की असं कोणी करतं का, माझे ऑलिव्ह सडायला लागले, आणि जाऊन ओलं पोतं घेऊन आला. मूळ सुटलं तेव्हा ते त्यानंच पोत्यात धरलं, तान्ह्या पोराला धरावं तसं, थोडं अवघडून. पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात मी खड्डा घेतला. माळ्याच्या हातून लावलेलं झाड आहे, जगलं असेलच. पाणी रहीमनं आणलं. वरची रांग या खेपेला मी माझ्या हातानं बसवली. उजेड सरता सरता भिंत बंद झाली, थोरल्यानं काठीनं तीन ठिकाणी ठोकलं आणि पुढं चालता झाला. थोड्या वेळानं घाणीच्या दगडाचा घरघर आवाज वर आला.

येताना रहीम म्हणाला, "मेहकरात असता तर तुनं वेस पडू देली असती बे, पिंपळ नाई हालवला असता."

"हाव," मी म्हणालो. खोटं काय बोलू?

नव्या तेलाचा पहिला पाव घरच्या मुलाचा. असुंतामायनं भाजलेल्या पावावर लसूण घासला, तेल ओतलं आणि तो तुकडा खिडकीत ठेवला, नेल्लोसाठी. दुसरा रहीमला दिला. तिसरा मला. मी तो खाल्ला, घशाला झोंबणारं तेल, आणि खिडकीतल्या तुकड्याकडं पाहत राहिलो. एवढं सगळं होऊनही पहिला तुकडा त्याचाच. हेवा काही एका दिवसात मुळासकट निघत नाही. त्याचं मूळही चिऱ्यामागून वळलेलं असतं.

निघायच्या सकाळी ती आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेली. हात लावून दाखवलं: हे खालचे थर रहीमचे, आणि ही वरची रांग, जी दोनदा लागली, ती किसानोची. माझं नाव किसन, पण ती शेवटी ओ लावायची. म्हणाली, नेल्लो आला की त्याला सांगेन. तो राखील. तुम्ही परत याल न याल, रांग तुमचीच.

म्हणजे या जगात दगडांची एक रांग माझ्या नावाची आहे, आणि ती माझ्या गावापासून इतक्या लांब आहे की मायला सांगितलं तर ती म्हणेल, पोरगं तापात बोलून राह्यलं.

रहीमचं नाव मागच्याच महिन्यात निघालं. तो आता मेहकरात असेल, आपल्या वेशीच्या सावलीत, आपल्या वाडवडिलांच्या दगडांखाली. हेवा वाटतो, हे काय लपवू? मी इथं पडून घाबरतो, की माझं नाव हरवलंय, की माय तोवर टिकते का नाही, की मी इथंच राहीन आणि पुण्याचे भाजीवाले हसत राहतील. मग पायांची बोटं हलवून पाहतो. सगळी हलतात.

असुंतामाय, माझं नाव निघालं की मी आधी डोणगावला जाईन, मायच्या पाया पडेन, आणि मग तिला घेऊन बाजाराच्या दिवशी मेहकरला. वेशीतल्या पिंपळाला माय पाणी घालील, मी हात जोडीन, आणि एक तंतू न तोडता त्याला बाहेर काढून पैनगंगेच्या काठी लावीन. लोक नावं ठेवतील, ठेवू दे. मला ते काम येतं, मला ते तू शिकवलंस. रहीम दगड बसवील. त्याच्या लोकांच्या वेशीत बरोब्बर पिंपळाएवढी जागा मोकळी होईल, आणि तिथं जी रांग चढेल ती तुझी. वांगी घेऊन खाली बसणारा कोणी विचारील ही कोणाची, तर मी सांगेन. न विचारताही सांगेन.